माझ्यावरून जरा उठा

मी एक जुनी वेताची खुर्ची आहे. बालमित्रांनो, खुर्चीने 'या, बसा' म्हणावं अशी जगाची रीत. मी मात्र तुम्हाला 'उठा' म्हणायला आले आहे. राग मानू नका. माझी हकिकत ऐकलीत तर मी असं का म्हणते ते कळेल.

माझा सांगाडा सागाचा. शहापूरच्या एका सुताराने पस्तीस वर्षांपूर्वी तो जोडला आणि वर वेताची जाळी विणून घेतली. चार पाय, दोन हात, एक पाठ असं सगळं मला मिळालं. पोट तेवढं मिळालं नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पोट असलं की काय काय होतं ते मी पुढे पुष्कळ पाहिलं.

त्याच तालुक्यात, शेणवे गावाच्या पलीकडे, एका लहान गावाच्या ग्रामपंचायतीत मी आले. सुरुवातीची वर्षं मजेत गेली. ग्रामसेवक आठवड्यातून दोनदा यायचे आणि तेही निम्मं काम उभ्याउभ्या उरकायचे. लोक माझ्या हातांवरून हात फिरवून म्हणायचे, "काय खुर्ची हाय!" मी फुलून जायचे. मग कार्यालयात कॉम्प्युटर आला. तेव्हापासून माझ्यावर बसलेला माणूस उठेनासा झाला.

कॉम्प्युटरवर काम करायला दर्शना आली त्याला आता नऊ वर्षं झाली. पहिल्या दिवशी तिच्याबरोबर तिची सासू अंबूबाई होती. शेतात राबून राबून काटक झालेली बाई. तिने माझ्या हाताला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि बाहेर जमलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमच्या सात पिढ्या चिखलात गेल्या. माझी सून खुर्चीवर बसणार."

त्या दिवसापासून अंबूबाईने घरात कायदाच केला. हापिसात जाणाऱ्या बाईने शेतात उतरायचं नाही, विहिरीवर जायचं नाही, चुलीपुढे वाकायचं नाही. साठी उलटलेली सासू सगळं करायची आणि सून मान खाली घालून डबा घेऊन निघायची. लोक म्हणत, असली सासू नशिबाने मिळते. खरंच होतं ते. पण त्या नशिबाचा डबा फार जड होता.

त्याचं असं आहे. इकडे नांगर धरणाऱ्याचं ताट वेगळं वाढतात. भाताचा डोंगर, मधोमध खळगा, त्यात वालाची आमटी. तो मान असतो. डोंगर लहान झाला तर कष्टणाऱ्याचा अपमान. अंबूबाईच्या लेखी आता घरातला नांगर दर्शनाच्या हातात होता. म्हणून एकावर एक चार पुड्यांच्या डब्यात तीन पुडे लाल गावठी तांदळाचा भात दाबून भरलेला असायचा, चौथ्यात आमटी. नाचणीची भाकरी मात्र घरातच राहायची. हापिसात काळी भाकरी उघडली तर लोक काय म्हणतील, ही अंबूबाईची चिंता.

दर्शना तो सगळा भात खायची, चार वाजता चहाबरोबर बिस्किटं खायची आणि सहा वाजता माझ्यावरून उठायची. मी काही वजनकाटा नव्हे, पण वेत खोटं बोलत नाही. दर वर्षी मी थोडी थोडी खाली झोळत गेले.

गेल्या मे महिन्यात आमच्या कार्यालयात आरोग्य शिबिर झालं. उपाशीपोटी या, असं सांगितलं होतं. दर्शना माझ्यावरच बसली आणि तिने बोट पुढे केलं. रक्तातल्या साखरेचा आकडा आला एकशे बावीस.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "साखर अजून घरात शिरलेली नाही, उंबऱ्यावर उभी आहे. तीन महिने देते. भात कमी करा, भाज्या-डाळी वाढवा, जेवल्यावर चाला, दर अर्ध्या तासाने खुर्चीवरून उठा. परत तपासू. नाही उतरली तर गोळी सुरू करू. गोळी घेण्यात लाज नाही, पण न घेता भागलं तर बरं."

माझे दोन्ही हात दर्शनाने घट्ट धरले होते. तिची आई मुरबाडकडच्या गावात राहते. साखरेकडे तिने वर्षानुवर्षं लक्ष दिलं नाही आणि दोन वर्षांपूर्वी तिच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. तेव्हा रजा टाकून जखम धुवायला दर्शनाच गेली होती. त्यामुळे एकशे बावीस हा तिला नुसता आकडा दिसत नव्हता.

त्याच आठवड्यात ती धपकन बसली आणि माझी जाळी फाटली. शिपाई जयराम हसू दाबत म्हणाला, "मॅडम, खुर्चीपण रजेवर चालली."

जयरामने मला मोटरसायकलवर बांधून पाड्यावर मंगळूकडे नेलं. मंगळू टोपल्या, सुपं विणतो. अंगणातल्या जांभळाखाली मी आठ दिवस उलटीपालटी पडून होते. वेत भिजवून विणावा लागतो, सुकला की तडकतो. मंगळू दोन-चार वेत भिजवून आणायचा, ते विणून झाले की पुन्हा उठायचा. आणि पाण्याची बादली कुठे, तर अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला! मला वाटलं, म्हातारा वेंधळा आहे.

पाड्यावर कुणाचे तरी अर्ज भरून घ्यायला दर्शना आली, तेव्हा तीही पाहत राहिली.

"मंगळूकाका, बादली जवळ आणून देऊ का? किती वेळा उठताय!"

"नको गो बाय. मुद्दाम ठेवलीय तिथं."

"मुद्दाम?"

"हे बसून करायचं काम. हात चालतात, डोळं चालतात, पाय मरतात. माझा थोरला भाऊ बादली मांडीजवळ घेऊन बसायचा. साठीला त्याला उठवायला दोन माणसं लागली. मी म्हटलं, आपण पाणी लांब ठेवू. उठायची मला आठवण नाय राहत, वेताला राहते. तो सुकला की मला उठावंच लागतं."

"दिवसातून किती वेळा उठता?"

"मोजायला मी काय हापिसात हाय?"

दर्शना खूप दिवसांनी हसली. मी परत आले तेव्हा कार्यालयाची मांडणी बदलली होती. प्रिंटर पलीकडच्या भिंतीच्या कोपऱ्यात गेला होता, पाण्याचा माठ ओसरीवर आणि शिक्के खिडकीच्या कट्ट्यावर. टेबलावर पाण्याची बाटली नव्हती, फक्त एक लहान पेला. तो रिकामा झाला की दर्शना उठायची.

जयरामने आठवडाभर हे पाहिलं. मग म्हणाला, "पाण्याला तुमीच, प्रिंटला तुमीच, शिक्क्याला तुमीच. मंग मी काय करू? तुमच्या खुर्चीवर बसू?"

"बसा की. अर्ध्या तासाने उठायचं मात्र."

मित्रांनो, आता खरं सांगते. मला हे आवडलं नाही. मंगळूने मला नवी कोरी जाळी विणून दिलेली, ताठ आणि गार. मला वाटे, हिने माझ्यावर निवांत टेकावं आणि चार लोकांत माझं कौतुक करावं. आणि ही उठतेच आहे! खुर्चीचा मान बसण्यात असतो असं मलाही वाटायचं. अंबूबाईची समजूत काय आणि माझी काय, एकच.

उठणं जमलं, पण भाताचं जमेना. सासू पहाटे उठून, हौसेने दाबून भरते, तिला 'नको' कसं म्हणायचं? शिबिरातला आकडाही दर्शनाने घरी सांगितला नव्हता. आपल्या हातच्या अन्नाने झालं असं म्हातारी मनाला लावून घेईल, ही भीती. मग तिने एक वाट काढली. दीड पुडा ती खायची आणि दीड पुडा मागच्या ओट्यावर पंचायतीच्या कुत्र्याला घालायची. डबा घासूनपुसून घरी. महिन्याभरात कुत्रा असा फुगला की एस.टी. आली तरी भुंकायला उठेना.

जूनच्या शेवटी एका दुपारी अंबूबाई रहिवासी दाखल्यासाठी आली. पाय धुवायला मागच्या ओट्यावर गेली आणि तिथेच उभी राहिली.

"हा आपला भात."

जयराम धावला. "नाय मावशी, असंल कुणाचा तरी…"

"लाल तांदूळ, वर वालाची आमटी. माझ्या हातचं मला नाय कळायचं? रोजचा डबा लखलखीत येतो, मला वाटायचं, सून किती गुणाची!"

दर्शना दारात येऊन उभी राहिली. मग तिने सगळं सांगितलं. एकशे बावीस, तीन महिने, गोळी. शेवटी म्हणाली, "आई, माझ्या आईचा पाय तुम्ही पाहिलाय. मला तसं व्हायचं नाही. पण तुम्ही इतक्या मायेने भरता, नको कसं म्हणू?"

"कुत्र्याला सांगितलास," अंबूबाई म्हणाली, "मला नाय सांगितलास."

दाखला काढायला दर्शना कॉम्प्युटरकडे वळली, तर सर्व्हर बंद. तासभर तरी लागणार होता. "बसा आई," म्हणून तिने मला पुढे केलं आणि स्वतः कपाटापाशी उभी राहून फाइली लावू लागली.

नऊ वर्षांपूर्वी मला कुंकू लावणारी अंबूबाई माझ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा बसली. आधी ऐसपैस बसली. मग इकडची तिकडे झाली. मग पाय वर घेऊन पाहिले, खाली सोडून पाहिले. थोडी पेंगली. घटकाभराने पायाला मुंग्या आल्या तशी माझे हात धरून, कण्हत उभी राहिली.

"गो, हे बसणं नाय, हे दावणीला बांधणं हाय! तू असं दिवसभर करतेस?"

"दिवसभर, आई. नऊ वर्षं."

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. "मला वाटायचं, खुर्ची म्हंजे सुख. म्हणून घरी तुला काडी उचलू दिली नाय. नांगरवाल्याचं ताट वाढत होते, आन् नांगर कुठं होता?"

दुसऱ्या दिवशी डब्यात एक पुडा भात होता, तोही सैल. एका पुड्यात मुगाची उसळ, एकात टाकळ्याची रानभाजी गच्च दाबून, आणि वरच्यात नाचणीची भाकरी. जयरामने डोकावून विचारलं, "मॅडम, काळी भाकरी?" आणि अर्धी मागून घेतली.

जुलैत आवणी सुरू झाली. भाताची रोपं चिखलात लावायचं ते काम. अंबूबाई सकाळी दीड तास सुनेला शेतात न्यायला लागली. पहिले चार दिवस दर्शना माझ्यावर बसताना 'आई गं' म्हणायची. गावात कुजबुज झाली. एक बाई तर दाखल्याच्या निमित्ताने येऊन दर्शनाच्या तोंडावरच म्हणाली, "काल तुझ्या सासूला विचारलं, सुनेची नोकरी गेली काय, चिखलात उतरवलीस ती? तर म्हणते कशी, नोकरी हाय म्हणूनच उतरवलीय!" आवणी संपल्यावर दर्शना संध्याकाळी रिक्षा सोडून दोन किलोमीटर चालत घरी जाऊ लागली.

सगळं असं सरळ झालं नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला कसलीशी माहिती भरायची शेवटची तारीख आली. पाच दिवस ती माझ्यावरून हलली नाही. नाक्यावरचे वडे, फरसाण, चहावर चहा. माठ ओसरीवर भरलेला आणि पेला कोरडा. पाचव्या दिवशी ती उठायला गेली आणि डावं पाऊल बधिर. भिंतीला धरून तिने चप्पल काढली आणि बोटं एक एक दाबून पाहिली, मोजल्यासारखी. मुंग्या ओसरल्या तसा तिने श्वास सोडला. मी देते त्या आरामाची मला त्या दिवशी लाज वाटली. राहिलेले चार अर्ज तिने उभ्यानेच भरले.

ऑगस्टच्या अखेरीला डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. या वेळी दर्शनाबरोबर अंबूबाईही उपाशीपोटी आली होती. दर्शनाने उभ्यानेच बोट पुढे केलं. मशीनवर आकडा यायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ आमच्या कार्यालयात पंखासुद्धा मोठ्याने वाजतो आहे असं वाटलं.

"एकशे सहा."

"म्हंजे बरं का वाईट?" अंबूबाईने विचारलं.

"बरं. अजून थोडी उतरायला हवी, पण तोंड योग्य दिशेला आहे. गोळी आता नको. केलंत ते सोडू नका, सहा महिन्यांनी पुन्हा बघू."

दर्शनाने पदराने डोळे पुसले. अंबूबाईने तिच्याकडे न बघता माझ्यावर बैठक मारली आणि आपलं खरबरीत बोट पुढे केलं. "आता माझं टोचा. साठ वर्षं मीपण तोच भात खाल्लाय."

"आई, घाबरू नका," दर्शना माझ्या मागे येऊन म्हणाली.

"मी कशाला घाबरू? तू खुर्ची धर नीट."

तिने दोन्ही हातांनी माझी पाठ धरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अशीच धरून रोज टाचा उचला, वीस वेळा. पोटऱ्यांना चांगलं." आणि तिथेच, सासूच्या बोटावर रक्ताचा थेंब येईपर्यंत, दर्शना माझ्या आधाराने वर-खाली होऊ लागली. पस्तीस वर्षांत लोक माझ्या पाठीला रेलले होते. ती पाठ धरून कुणी उभं राहिलं ते पहिल्यांदाच.

तर मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुम्हालाही माझ्यासारखी एखादी मिळेल, कदाचित चाकांची आणि गादीची. तिला धुळीत टाकू नका, तिची वीण सैल झाली तर वेळेवर बांधून घ्या. पण तिच्यात मुक्कामाला राहू नका. जेवढे कष्ट तेवढंच ताटात घ्या, आणि नको असेल तर वाढणाऱ्याला तोंडावर, मायेने सांगा. आज घरी गेलात की तुमच्या आईबाबांच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहा आणि म्हणा, "चला, जरा उठा." खुर्चीला वाईट वाटणार नाही. मी तिच्या वतीने सांगते.