गोपाळरावांचा दुपट्टा

रविंद्रची नोकरी वीजमंडळात मीटर वाचायची. जिन्याखाली वाकायचं, आकडा टिपायचा, पुढचं घर. चार वर्षांत त्याला गिऱ्हाइकाचा एक चेहरा आठवत नव्हता, मीटर मात्र अचूक ओळखायचा. आणि असा हा गडी निघाला विमान शिकायला! वर सरकारी शिष्यवृत्ती मिळाली, म्हणजे बोलायलाच नको.

पंचाहत्तरचा जानेवारी. सोनेगावच्या धावपट्टीवर त्याचा शेवटचा तास उरला होता. आज एकट्याने फेरी मारली तर शिष्यवृत्ती पुढे चालू, नाहीतर नाव कटलं.

शिकवणारे गोपाळराव उमरेडचे, वायुदलातून निवृत्त झालेले, जिभेला हाड नसलेले. 'पुष्पक' नावाच्या दोन आसनी शिकाऊ विमानात ते शेजारी बसले होते आणि रविंद्र नेहमीसारखा समोरच्या तबकड्यांच्या काट्यांना डोळे चिकटवून. वेग सावरावा तर उंची बिघडे, उंची धरावी तर वेग पळे. तेवढ्यात समोर घार आली. गोपाळरावांनीच झटक्यात विमान वळवलं.

"घार दिसली काय गा?"

"कोणती घार, सर?"

"अरे बापा! हे काय मीटर वाचून राहिला तू?" म्हणत त्यांनी गळ्यातला दुपट्टा काढून सगळ्या काट्यांवर पसरला.

रविंद्र दुपट्ट्याचं टोक उचलायला गेला. "सर, वेग कसा समजंल मले?"

"संक्रांतीले पतंग उडवतं ना? तवा चक्रीकडे पाहत राहतं काय?"

"नाही, सर. वर पाहतो."

"मंग मांजा किती ताणला, कसं समजते?"

"हाताले समजते."

"तसंच हे. इंजिनाचा आवाज ऐक, समोर आभाळ टेकते तिथं पाहा."

रविंद्रने मान वर केली. अंबाझरी तलावाचं पाणी चमकत होतं, खामल्याच्या घरांची कौलं उन्हात पहुडली होती, आणि विमान सरळ चाललं होतं! त्याला हसूच फुटलं. गोपाळरावांनी दुपट्टा उचलला. "आता आत एक झलक मार, अन् लगेच बाहेर." झलक मारली, काटे जागच्या जागी.

खाली उतरल्यावर गोपाळराव बाहेर पडले. "जा. एक फेरा मारून ये."

एकट्याला घेऊन विमान भराभर चढलं. आत झलक, मग बाहेर; आत, बाहेर. भीती कुठे गेली, त्याचं त्यालाच कळलं नाही. इतका आनंद त्याला जन्मात झाला नव्हता. उतरताना विमानाने एक उडी मारली, मग शहाण्यासारखं बसलं.

गोपाळराव धावत आले. "वा रे पठ्ठ्या! एकदम झकास उडवलं!"

"पण सर, तुम्ही पाहिलं कुठं? तुम्ही तं हँगरच्या भिंतीले कपाळ टेकवून उभे होते."

गोपाळरावांचे कान लाल झाले. "तेवीस पोट्टे एकटे वर सोडले आजवर. एकाचंही पाहावलं नाही मले, जीव राहत नाही ठिकाणावर." मग ते एकदम थबकले. "तुले वरून दिसलो मी?"

"साफ दिसले, सर."

"मंग पास!"