मला परत करू नका

मी एक जुने औषधाचे मडके आहे. मातीचे, काळेकुट्ट, एका बाजूला दांडा आणि दुसऱ्या बाजूला टवका उडालेली चोच. मित्रांनो, मला पाहून नाक मुरडणारे खूप भेटले. कोणी कडू म्हटले, कोणी अपशकुनी. म्हणोत! मी खाली मान घालून माझी कहाणी सांगणार नाही.

चीनमधल्या यीशिंग गावच्या भट्टीत मी भाजून निघाले, होडीतून कालव्याकाठच्या या गल्लीत आले, आणि तेव्हापासून मला एक घर असे नाही. आमच्याकडे औषधाचे मडके उसने नेतात, पण परत करत नाहीत. परत केले तर दुखणेही त्या घरी धाडले असे होते. ज्याला गरज पडेल त्याने यावे आणि शेवटच्या आजाऱ्याकडून मागून न्यावे. लोखंडी कढई कितीही मिरवो, औषधाची वेळ आली की ती चुलीवरून उतरते आणि मी चढते.

घाबऱ्या जिवांचे औषध मला सर्वांत आवडते. रानबोरांच्या बिया हलक्या भाजून ठेचलेल्या, थोडे ज्येष्ठमध, मूठभर गहू, लाल बोरे आणि मंद आच. वास गल्लीभर जातो आणि कोणाची झोप उडाली आहे ते सर्वांना कळते. कळू दे की! त्यात लपवण्यासारखे काय आहे?

ताओ रुईफेंग आमच्या गावात गाऊन पुराण सांगते. करुणेची देवी ग्वानयिन माता, तिच्या उत्सवात रुईफेंगने सूर लावला की मासळीवाल्यासुद्धा तराजू खाली ठेवतात. मी कोणाच्या खिडकीत असले तर रिकाम्या पोटाने घुमत राहते. तेच माझे भजन. पण गेल्या उत्सवात भर कथेत तिला पुढची ओळ आठवेना. त्यानंतर अंथरुणाला पाठ टेकली की तिची छाती धडधडू लागे. यंदा ती गायली नाही तर देवळात कर्णा लावून गाणी वाजवायची, असे मंडळींनी ठरवून टाकले होते.

तेव्हा मी शेजारच्या बाओताईकडे होते. रुईफेंगच्या मागे झील धरते तीच ही.

"ताई, मडकं न्यायला आले."

"ने गं बाई! आणि तो चेहरा इथंच ठेवून जा, उंदीर तरी पळतील."

हळूहळू रुईफेंगचा डोळा लागू लागला. मला ढवळताना ती गुणगुणू लागली. आणि तेवढ्यात उत्तरेकडच्या शहरातून नवी आलेली तिची सून जिंगयी हिने मला राखेने घासले, लख्ख केले, संत्र्यांनी भरले आणि बाओताईच्या पायरीवर नेऊन ठेवले. परत!

"माझ्या दारात? सणाच्या तोंडावर?" बाओताई कडाडली.

"अहो काकी, मी तर संत्री घालून आणलंय!"

"संत्री घाल नाहीतर सोनं घाल! सासूला सांग, आपलं दुखणं आपल्या घरी ठेव म्हणावं. आणि झील धरायला दुसरी शोध!"

रुईफेंग धावत आली. "ताई, पोरीला ठाऊक नव्हतं. मी नेते हे."

"आता नेलंस तर मी तुला परत धाडलं असं होईल. माझ्या माथी पाप घालू नकोस."

दार बंद झाले. आता मला कोणीच हात लावेना. येणारेजाणारे वळसा घालून जात. मी मात्र पायरीवर ताठ बसून राहिले. संत्री मऊ पडली, रुईफेंगची झोप पुन्हा उडाली, देवळात कर्ण्याची तार ओढली गेली. झील धरणारी नसेल तर आमच्याकडे पुराण होत नाही.

मग एका सकाळी बाओताई बाहेर आली. डोळे लालबुंद.

"रुईफेंग! ए रुईफेंग! विचार, कोणाची झोप उडालीय?"

"कोणाची?"

"माझी! दारात हे काळं तोंड बसलंय, झोप कुठली? मला गरज आहे. तेव्हा तुझ्याकडचं मडकं मी मागून नेतेय. परत आलेलं नाही, मागून नेलेलं आहे. साऱ्यांनी ऐकलंत ना?"

रुईफेंग कितीतरी दिवसांनी हसली. "ने ताई. पण दोघींपुरतं उकळ."

जिंगयी गुपचूप लाल बोरे निवडायला बसली.

उत्सवात त्याच ओळीपाशी रुईफेंग पुन्हा थांबली. बाओताईने मागची झील धरली, पुन्हा धरली, सारे देऊळ तिच्यात मिसळले, आणि मातेच्या कृपेने ओळ आली. मी खिडकीत घुमत होते. कर्णा मुकाच राहिला.

मित्रांनो, मला जपा म्हणून मी गयावया करणार नाही. मला घासून फडताळात मांडू नका, संत्र्यांनी भरून परत देऊ नका. तुमच्या गल्लीत कोणाची झोप उडाली असेल तर वळसा घालून जाऊ नका. आणि तुमचीच उडाली असेल, तर लाजता कशाला? दार वाजवा. मला मागून न्या.