फळीवरचे देव

सोमवार होता, बकुळाचा उपास होता, आणि भाड्यानं घ्यायला बघितलेली सकाळपासूनची ही तिसरी खोली होती. दिवस चांगला म्हणून ती घरातूनच पिशवीत तांब्या, नारळ आणि आंब्याची पानं घेऊन निघाली होती. आज कुठंतरी कलश ठेवल्याशिवाय परत यायचं नाही, असं तिनं पहाटे शंकराच्या पिंडीला पाणी घालताना सांगून टाकलं होतं.

लालबागच्या एका खोलीत सासूबाई, थोरल्या दिरांचं कुटुंब, धाकटे दीर आणि बकुळा-आनंदा ही दोघं नवरा-बायको. अक्षय्य तृतीयेला धाकट्याचं लग्न. नवी नवरी निजणार कुठं, हे तोंडानं कोणी बोलत नव्हतं. पण जाऊबाई आजकाल बकुळाचं अंथरूण उचलताना उगाच जोरात झटकायच्या. बकुळाला ते पुरेसं कळायचं.

पुढे अप्पा चालले होते. डोक्यावर काळी टोपी, हातात मिटलेली छत्री. गिरगावच्या जुन्या घरातला माणूस. दलालीत खोल्या दाखवता दाखवता म्हातारा झालेला. जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबायचे आणि दम खाता खाता काहीतरी शिकवायचे.

"आनंदराव, जागा कधी सकाळी बघू नये. सकाळी सगळ्याच चाळी देवळासारख्या दिसतात. संध्याकाळी बघावी, दारू पिऊन कोण कुठल्या मजल्यावर जातो ते कळतं."

"अप्पा, मी रातपाळी करून आलोय," आनंदा जांभई आवरत म्हणाला. "मला आत्ता जिनासुद्धा नीट दिसत नाही."

"म्हणून तर मी आहे. दुसरं, पाण्याचं मालकाला विचारू नये, शेजारणीला विचारावं. मालक खोटं बोलतो. शेजारीण रडते, पण खरं सांगते."

"आणि दलाल?" आनंदानं विचारलं.

"दलाल थकतो," अप्पा म्हणाले, आणि पुन्हा चढू लागले.

करी रोडची ही चाळ गिरणीपासून हाकेच्या अंतरावर. जिन्याच्या भिंतीवर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं चुन्यानं लिहिलेलं. 'पाहिजे' पर्यंत येता येता चुना संपला असावा, अक्षरं फिकी होत गेलेली. तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्याची खोली. दार उघडंच होतं.

"ये गो बाय, बस," आतून आवाज आला.

राधाबाई एकट्याच होत्या. परवाच्या देवगडच्या बोटीनं त्या गावी धाकट्या दिराकडे निघालेल्या. मुलगा दगडू सत्याग्रहात पकडला गेला, गिरणीतलं नाव गेलं, आणि एकटीला या खोलीचं भाडं झेपेना. कोपऱ्यात ट्रंक बांधून तयार होती, वळकटी दोरीनं आवळलेली. खोलीत उजेड होता, वारा होता, पिंप भरलेलं होतं. आणि समोरच्या फळीवर देव होते. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, गणपती. ताजी जास्वंदी, तेवतं निरांजन.

बकुळाला भरून आलं. मागल्या दोन खोल्यांत नुसती झुरळं भेटली होती. तिनं हात जोडले आणि तिथंच खाली बसून पिशवीतून तांब्या काढला.

"अहो, हीच," ती आनंदाला म्हणाली. "देवाचं घर आहे."

"घेऊ मग. गिरणीचा भोंगा झाल्यावर उठलो तरी चालेल." आनंदा भिंतीला टेकला. त्याचे डोळे मिटू लागले होते.

अप्पा उंबऱ्यातच उभे होते. फळीकडे बघत. त्यांनी छत्रीचं टोक दोनदा जमिनीवर आपटलं.

"वहिनी, तांब्या पिशवीत ठेवा. जरा बाहेर या."

गॅलरीत येऊन ते हळू आवाजात बोलले. "सगळं सामान बांधलंय. देव बांधलेले नाहीत."

"म्हातारी आहे. शेवटी बांधेल. देव का कोणी आधी बांधतं?"

"विचारा तर खरं. मी विचारलं तर दलाल म्हणून विचारल्यासारखं होईल."

बकुळा आत गेली. विचारायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण विचारलं. "आई, देव कशात नेणार? बोटीत सांभाळून न्यायला हवेत."

राधाबाईंनी तिच्याकडे बघितलं. "देव खंय नेतंय गो? देव हंयच ऱ्हवतले. माझो दगडू सुटान इलो की खंय जातलो? हंयच येतलो. तू फकत दिवो लाव हां. देवाधर्माची दिसतंस, म्हणान तुका होय म्हटलंय."

 निरांजनाची वात बकुळानं नकळत पुढे सारली. मग बाहेर आली.

"लावीन की दिवा," ती अप्पांना म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. "काय बिघडलं?"

"काही नाही. भाडेपावती तुमच्या नावाची होईल, भाडं गोळा करणारा मालकाचा मेहता तयार आहे. पण तो पोरगा सुटून आला आणि या दारात उभा राहिला, की पावती दाखवून दार लावाल त्याच्या तोंडावर?"

गिरणीच्या बाजूनं कुठूनतरी घोषणा ऐकू येत होत्या. बकुळा कठड्याला धरून उभी राहिली. पाय दुखत होते, पोट रिकामं होतं.

"तुम्ही कशाला बोललात, अप्पा?" ती म्हणाली. "गप्प बसला असता तर मला कळलंसुद्धा नसतं. तुम्हालाही दलाली मिळाली असती."

"मिळाली असती," अप्पा म्हणाले. "एकदा बसलो होतो गप्प. त्या घरात अजून भांडणं चाललीत. देव हलल्याशिवाय जागा रिकामी होत नाही, वहिनी. माणूस बोटीत बसला तरी."

तिनं आत जाऊन राधाबाईंना वाकून नमस्कार केला. "आई, आम्हाला नाही जमायचं. तुम्ही जाऊ नका, असं म्हणायला मी कोण? पण दगडू येईपर्यंत कोणी भाचा-पुतण्या आणून ठेवा इथं. तुमच्या माणसाला ठेवा."

राधाबाई उठून निरांजनात तूप घालू लागल्या. आनंदाला हलवून उठवावं लागलं.

चौथी खोली वडाळ्याला, रेल्वेच्या यार्डामागे. वाऱ्याला मिठागरांचा खारट वास. आनंदा पहिल्यांदाच चिडला. "पहिल्या पाळीला इथून निघायचं म्हणजे मी निजूच नये!" खोली अंधारी होती, गिलावा सुटलेला. भिंतीतला कोनाडा मात्र रिकामा. आत काजळीचा काळा डाग आणि तेलाचा वाळलेला ओघळ, बाकी काही नाही. बकुळानं बोट फिरवून बघितलं. कुंकवाचा कणसुद्धा मागे ठेवलेला नव्हता.

"गेलेत," ती म्हणाली.

"गेलेत," अप्पांनी मान हलवली. "उजेड नाही, हे मी लपवत नाही."

मालक खालीच राहायचा. पावती आनंदाच्या नावानं लिहून झाली, अप्पांनी ती चष्मा लावून वाचली, तेव्हा कुठं त्यांनी बकुळाकडे बघून मान डोलावली. शेजारीण म्हणाली, पाणी येईल आता, पण धार बारीक. बकुळा तांब्या धरून नळाखाली बसली. नळानं बराच वेळ नुसता श्वास टाकला, मग पाणी आलं. शेजारीण खोटं बोलली नव्हती.

कलशावर पानं लावताना ती दुमडू लागली. दिवसभर पिशवीत होती.

"सुकली हो," अप्पा म्हणाले. "खालून ताजी आणू का?"

"राहू द्या," बकुळा म्हणाली. "आमच्याबरोबर चाललीत ती."

तिनं नारळ ठेवला, हात जोडले. डोळे मिटल्यावर तिला करी रोडचं निरांजन दिसलं, परवापासून ते कोण लावणार, कोण जाणे. त्या घरासाठीही तिनं काहीतरी मागितलं. मग भिंतीशी बघितलं, तर आनंदा तिथंच, नव्या जमिनीवर, हाताची उशी करून झोपला होता. अप्पा आत येऊन कलशाला नमस्कार करायला म्हणून उंबऱ्यात बसून बुटांच्या नाड्या सोडत होते.