हनुवटीखाली धरलेला माईक

हॅलो, हॅलो. माईक टेस्टिंग. वन, टू, थ्री.

दचकू नका, आज मला कुणी तपासत नाहीये. आज मी स्वतःच बोलतोय. भोसरीच्या उद्धवरावांच्या साउंड सर्व्हिसमधला मी तीन नंबरचा माईक. माझ्या मानेला लाल टेप गुंडाळलेली आहे आणि तिच्यावर उद्धवरावांनी आपल्या हाताने ठसठशीत ३ लिहिलाय. जाळीला दोन ठिकाणी पोचे आहेत. पहिला एका साखरपुड्यात पडला. दुसरा कसा पडला ते सांगणार नाही, त्यात एका मोठ्या माणसाच्या अब्रूचा प्रश्न आहे.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. शुद्धीवर आलो तेव्हा मी उद्धवरावांच्या दुकानात होतो आणि ते माझ्या डोक्यावर टिचक्या मारत होते. माणसांची ही सवय मला आजवर कळलेली नाही. समोरचा माणूस जागा आहे की झोपलाय हे बघायला तुम्ही त्याच्या डोक्यावर टिचक्या मारता का? मला मात्र आयुष्यभर मारल्या.

एकवीस वर्षं राबलो. बारशी, वास्तुशांती, जयंत्या, गणपती, वाढदिवसाची अभीष्टचिंतनं. ‘मी फक्त दोनच शब्द बोलणार आहे’ असं म्हणणाऱ्याने मला अर्ध्या तासाच्या आत सोडलंय असं एकदाही झालं नाही. बोलणारे बदलत गेले, मी तोच राहिलो. मग हळूहळू मला गर्व चढला. वाटायला लागलं की आवाज आहे तो माझाच, माणसं नुसती तोंडं हलवतात. माझा हा गर्व कसा उतरला, तेच आज सांगायचंय.

मी खरा रमायचो तो कबड्डीच्या मैदानावर. तिथल्या समालोचकाला नुसता खेळ सांगून भागत नाही. व्यासपीठावर पाहुणे येत राहतात आणि मंडळाचा माणूस त्यांच्या नावाची चिठ्ठी आणून समालोचकाच्या हातात कोंबतो. नाव लगेच घ्यायचं असतं. चढाई ऐन रंगात असो नाहीतर शेवटचं मिनिट चालू असो, आधी पाहुण्यांचं स्वागत. एका वर्षी नाव दहा मिनिटं उशिरा घेतलं गेलं म्हणून एक माजी पदाधिकारी नारळसुद्धा न घेता उठून गेले. पुढच्या वर्षी त्यांची ट्रॉफी आली नाही. तेव्हापासून मंडळ या बाबतीत फार कडक झालं.

मिनल त्या मैदानावर गुण लिहायला बसायची. पिंपरीच्या नेहरूनगरची मुलगी, शाळेत असताना स्वतः कबड्डी खेळलेली. एकदा उपांत्य सामन्यात समालोचकाचा घसा बसला आणि उद्धवरावांनी मला उचलून तिच्या हातात दिलं. मी आपला सवयीने ओठांकडे निघालो होतो. तिने मला हनुवटीच्या खालीच थांबवलं. उद्धवराव लांबून हातवारे करत होते, वर घे, वर घे. तिने आवाज चढवला, पण मला काही वर घेतलं नाही. माझा फार अपमान झाला. इतक्या वर्षांत मला कुणी असं लांब धरलं नव्हतं.

तिचे वडील, कोंडीराम, पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. तीस वर्षं त्यांनी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये प्रेस मशीन चालवली आणि त्या ठोक्यांनी त्यांचे दोन्ही कान गेले. ते लेकीचे ओठ वाचत होते. माझं डोकं मध्ये आलं असतं तर त्यांचा सामना तिथेच थांबला असता. मैदानावरच्या हजार माणसांना मी ऐकवत होतो, आणि ज्या एका माणसासाठी ती बोलत होती त्याच्यापर्यंत माझ्यातून एक अक्षरही जात नव्हतं. पण हे मला तेव्हा कुठलं समजायला? मी नुसता रुसून बसलो होतो.

पुढची सात वर्षं मी तिच्याच हातात होतो. चाकणच्या एका कंपनीत ती कंत्राटावर इन्स्पेक्शनला लागली. आठवडाभर पार्ट तपासायचे आणि रविवारी मैदान गाठायचं. कोंडीराम पहिल्या रांगेत ठरलेलेच. मग त्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. जिना उतरणं बंद झालं आणि पहिल्या रांगेतली ती खुर्ची रिकामी पडली. मिनल बोलायची तशीच, पण वाक्य संपलं की तिची नजर त्या खुर्चीकडे जायची. घरी गेल्यावर ती त्यांना सगळा सामना सांगायची म्हणे. पण सांगितलेला सामना आणि चालू असलेला सामना यांत फरक असतो हो.

यंदा चिंचवडच्या एका वृत्तवाहिनीला क्रीडा निवेदक हवा होता. रोज संध्याकाळी पडद्यावर बसून खेळाच्या बातम्या द्यायच्या आणि शहरातल्या मोठ्या स्पर्धांचं थेट समालोचन करायचं, असं काम. मिनलने अर्ज केला, बोलावणं आलं, आणि आदल्या दिवशी ती उद्धवरावांच्या दुकानात हजर झाली.

“काका, मी टीव्हीवर दिसले तर पप्पांना जिना उतरावा लागणार नाही,” ती म्हणाली. “मला उद्यापुरता तीन नंबर द्या. मोकळ्या हाताने मला बोलताच येत नाही.”

उद्धवराव भोसरी गावातले जुने. त्यांनी मला खोक्यातून काढलं, धूळ पुसली. “आता बिनवायरचे आलेत पोरी, ह्याला कोन इचारतंय? जा घेऊन. पन तिथं त्यांचे माईक असत्याल की.”

“असू देत,” मिनल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पहिली शिफ्ट संपवून थेट चाकणहून आली. पिशवीत मी होतो, वर डब्याचा वास. कपडे बदलले होते तिने, पण बूट बदलायचे राहिले. पायात कंपनीचे सेफ्टी शूज तसेच. बाहेरच्या बाकावर सात-आठ उमेदवार बसले होते. एकाचा आवाज इतका भारदस्त होता की तो पाणी मागायला लागला तरी बातमी दिल्यासारखं वाटायचं. दुसऱ्याला गेल्या वीस वर्षांतले आकडे पाठ होते आणि ते तो न विचारता सांगत होता. मिनल पाय बाकाखाली ओढून बसली. पिशवीत तिचा हात माझ्याभोवती होता.

आत दिव्या नावाची निर्माती होती. तिने मिनलच्या ओढणीला हरभऱ्याएवढा एक माईक लावला. मला हसू आलं. हा काय बोलणार? मग मिनलने मला पिशवीतून काढलं तेव्हा हसायची पाळी दिव्याची होती. हा माईक कशालाच जोडलेला नाही, खाली ठेवला तरी चालेल, असं ती म्हणाली. राहू दे, हाताला सवय आहे, असं मिनल म्हणाली आणि मला हनुवटीखाली धरून बसली.

परीक्षा सोपी दिसत होती. समोरच्या पडद्यावर कबड्डीच्या सामन्याचं चित्रण लागणार, त्याला आवाज नाही, पाच मिनिटं समालोचन करायचं. चित्रण परजिल्ह्यातलं होतं, कालच आलेलं, अजून कुठेही दाखवलेलं नव्हतं. दिव्याने खूण केली आणि मिनल बोलायला लागली.

आणि मी थक्क झालो. माझी वायर तिच्या मांडीवर वेटोळं करून पडली होती. माझ्यात वीज नव्हती, जीव नव्हता. तरी आवाज येत होता. तोच, मैदानावरचा, भरलेला, प्रत्येक अक्षर सुटं असलेला. त्या बंद खोलीत धूळ नव्हती, शिट्ट्या नव्हत्या, गर्दी नव्हती, आणि तिच्या बोलण्यातून ते सगळं तिथे आलं. एकवीस वर्षं ज्याला मी माझा आवाज समजत होतो, तो माझ्याविना हा असा माझ्या डोक्यावरून वाहत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी बोलणाऱ्याचं नुसतं ऐकत बसलो.

तिसऱ्या मिनिटाला दार उघडलं आणि एक वयस्कर गृहस्थ आत आले. बाहेरच्या बाकासमोर ‘संपादक’ म्हणून त्यांचा फोटो नावासकट लावलेला होता. कॅमेरावाला उठून उभा राहिला, दिव्या सावरून बसली. आणि मिनलच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं:

“आत्ताच आपल्यामध्ये आगमन झालेलं आहे वाहिनीचे संपादक आदरणीय अण्णासाहेब यांचं. मंडळाच्या वतीने मी त्यांचं हार्दिक स्वागत करते आणि त्यांना विनंती करते की त्यांनी व्यासपीठावर स्थानापन्न व्हावं.”

पडद्यावर चढाई चालू होती.

कॅमेरावाला फिस्सकन हसला. दिव्याने तोंडावर हात धरला आणि दुसऱ्या हाताने चित्रण थांबवलं. मिनलच्या लक्षात आलं ते त्यानंतर. तिचा चेहरा उतरला. चुकलं, सवयीने बोलून गेले, असं ती कसंबसं म्हणाली. माझ्या मानेवरची तिची पकड सैल झाली आणि मला वाटलं, संपलं. सात वर्षं आम्ही ज्या चिठ्ठ्या वाचल्या त्यांनीच आमचा घात केला. मला कोंडीराम दिसत होते, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी. लेक काय निकाल घेऊन येते याची वाट बघणारे.

अण्णासाहेब हसले नाहीत. त्यांनी एक खुर्ची ओढली आणि खरोखरच स्थानापन्न झाले. हा सामना आधी पाहिलाय का, असं त्यांनी विचारलं. मिनलने नाही म्हणून मान हलवली. मग ते म्हणाले, “माझं स्वागत करत होतात तेव्हा मैदानात काय झालं?”

मिनलने मला पुन्हा घट्ट धरलं.

“निळ्या संघाचा चढाईपटू उजवीकडून आत गेला, सर. पुढचा पाय बोनस रेषेच्या पलीकडे टाकला, पण मागचा उचललाच नाही. त्यामुळे पंचांनी बोनस दिला नाही. तो रिकामा परत आला. पण त्याच्यावर झेपावताना भगव्या संघाच्या पाच नंबरच्या मुलाचा डावा पाय मुरगळलाय. तो कुणाला दाखवत नाहीये. उभा राहिलाय तो सगळा भार उजव्या पायावर टाकून.” मग म्हणाली, “निळ्यांच्या कप्तानाने ते बघितलंय. पुढची चढाई त्याच्याच अंगावर येणार.”

दिव्याने चित्रण मागे नेलं. एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं. पाय टेकलेला होता. पाच नंबरचा मुलगा एका पायावर उभा होता. मग तिने चित्रण पुढे सोडलं. निळ्यांचा कप्तान मध्यरेषा ओलांडून आला, डावीकडे नुसतं बघितल्यासारखं केलं आणि सरळ त्या मुलाच्या अंगावर गेला. कॅमेरावाला हसायचा थांबला होता.

हे कुठे शिकलात, असं अण्णासाहेबांनी विचारलं.

“चिठ्ठ्या वाचताना, सर. चिठ्ठीत डोकं घातलं तर चढाई जाते, चढाईच बघत बसलं तर पाहुणे जातात. दोन्ही सांभाळावं लागतं.”

त्या क्षणी मला माझी लाज वाटली. त्या चिठ्ठ्या मीसुद्धा तिच्याबरोबर वाचल्या होत्या. मला त्यांत फक्त नावं दिसली. तिने एकेका स्वागताच्या आड एकेक चढाई बघून ठेवली होती. माणसाच्या डोळ्यांत आणि जिभेत इतकं काय काय एका वेळी मावतं, हे मी एकवीस वर्षं त्यांच्या तोंडाशी राहूनही ओळखलं नव्हतं.

कळवतो, असं अण्णासाहेब म्हणाले. चार दिवसांनी कळवलं. मिनल कंपनीत होती, मोबाईल लॉकरमध्ये. तीन कॉल वाजून गेले, चौथा तिने जेवणाच्या सुट्टीत घेतला. निवड झाली होती. मला हे समजलं ते तिने उद्धवरावांना सांगितलं तेव्हा. ती मला परत द्यायलाच दुकानात आली होती, पण त्यांनी मला घेतलंच नाही.

“ठेव तुझ्याकडंच,” ते म्हणाले. “त्याला बी कुठं जायाचं हाय आता?”

तर आता मी नेहरूनगरला असतो. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी आहेत, खाली मिनलला मिळालेल्या ट्रॉफ्या, त्यांच्या शेजारी मी, आणि माझ्या शेजारी टीव्ही. माझ्यातून आता आवाज जात नाही. वायर उंदरांनी कुरतडलीय. तक्रार काही नाही, उलट आता मला ऐकायला सवड मिळते.

रोज संध्याकाळी साडेसहा वाजायच्या आत कोंडीराम प्लास्टिकची खुर्ची ओढत टीव्हीसमोर आणतात आणि तिच्यावर ताठ बसतात. घरात खुर्ची एकच, पण ती पहिली रांग आहे हे मला बघताक्षणी ओळखू आलं. पडद्यावर मिनल येते. हातात काही नाही, तोंडासमोर काही नाही. तो हरभऱ्याएवढा माईक खाली कुठेतरी कॉलरला लागलेला असतो. कोंडीराम तिच्या ओठांवरून नजर काढत नाहीत.

केसरबाई, मिनलची आई, तेव्हा नेमक्या आत ओट्यापाशी असतात. मिक्सर चालू असतो, नाहीतर कुकरची शिट्टी. त्यांना टीव्हीचं काही ऐकू येत नाही. मग त्या टीव्हीशेजारच्या दारात येऊन पदराला हात पुसत खुणेने विचारतात, काय म्हणाली?

आणि कोंडीराम, ज्यांच्यापर्यंत माझ्यातून सात वर्षांत एक अक्षर गेलं नव्हतं ते कोंडीराम, मान न वळवता केसरबाईंना सगळं सांगतात. कोण जिंकलं, कितीने, शेवटची चढाई कुणाची.

माझं एवढंच मागणं आहे. उद्या कुठल्या कार्यक्रमात माझा एखादा भाऊबंद तुमच्या हातात आला, तर त्याच्या डोक्यावर टिचक्या मारा, चालेल. दोन शब्द म्हणून अर्धा तास बोला, तेही चालेल. फक्त त्याला जरा हनुवटीखाली धरा. पहिल्या रांगेत कोण बसलंय, सांगता येत नाही.