आत्याचा धुरकट कोंपोत

माझ्या धाकट्या बहिणीने, माल्विनाने, फोनवर फर्मान काढलं. "या वर्षी नाताळच्या आदल्या संध्याकाळचं जेवण माझ्याकडे. आणि दादा, कोंपोत आणायचा नाही. उपासाचा दिवस, मांस वर्ज्य, आणि घरभर हॅमचा वास. माझा सोफा नवा आहे."

"सोफा पिणार आहे का?"

तिने फोन आपटला. मोबाइल होता, म्हणजे नुसता बंद केला, पण आपटल्यासारखा.

आता कोंपोत म्हणजे आमच्या लेओकाद्या आत्याचं राज्य. सुकवलेली सफरचंदं, नासपती, आलूबुखार, त्यात दालचिनी, लवंग, संत्र्याची साल, वरून मध, सगळं पाण्यात उकळून प्यायचं. पण आलूबुखार लाकडाच्या धुरावर वाळवलेलेच हवेत, काळेकुट्ट, सुरकुतलेले. वास त्यांचाच, थेट धुरावलेल्या हॅमसारखा. दुकानात बिनधुराचेही मिळतात. आत्याच्या मते ते ढेरी सुटलेले मनुके.

आत्याला निरोप दिला. तिने ऐकून घेतलं. "कोंपोत नाही तिथे मी नाही. घरीच बसेन."

इथे माझी मस्ती जरा उतरली. आमच्याकडे त्या संध्याकाळी एकटं कोण जेवतं? ज्याचं कुणी उरलं नाही तो. आणि आत्या एकदा बोलली की संपलं. माझ्या बापाशी तिने कित्येक वर्षं अबोला धरला होता, तोही एका शिडीवरून.

"आत्या, फळं भिजत घाल."

"कशाला? एकटीने ढोसू?"

"घाल गं. पुढचं माझ्यावर सोड."

"तुझ्यावर सोडलं की पोलीस येतात."

"एकदाच आले होते. आणि ते बदक माझं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी तिने कोंपोत शिजवला. मी वर साखर टाकायला गेलो, तर हातावर पळी बसली. पातेलं घोंगडीत गुंडाळलं, गाडीत बसवून पट्टा लावला. आत्याला पट्टा लावायचा राहिला, त्यावरून ती रस्ताभर बोलली.

माल्विनाने दार उघडलं आणि नाक वर केलं. "दादा, ते पातेलं गाडीत ठेव."

"आत एक जादा ताट मांडलंयस ना?"

मांडलेलं असणारच. न बोलावता आलेल्या वाटसरूसाठी प्रत्येक घरात मांडतात. येत कुणीच नाही, म्हणून सगळे हौसेने मांडतात.

"बरं मग?"

"मग वाटसरू आलाय. आत्याने तुझं आमंत्रण नाकारलं, म्हणजे ती न बोलावलेली. आता तिला हाकल." हे मी जरा मोठ्यानेच म्हटलं. समोरच्या शेजारणीचं दार बोटभर उघडं होतं.

"ताट माणसाला असतं, पातेल्याला नाही," माल्विना म्हणाली. तीही माझीच बहीण. "आत्या, तू ये. ते बाहेर राहू दे."

आत्या सरळ जिन्याच्या पायरीवर बसली आणि पातेलं मांडीवर घेतलं. "ब्रोनेक, पेले काढ. इथेच पिऊ."

पेले माझ्या खिशातच होते. झाकण निघालं आणि वास तिन्ही मजले चढला. शेजारीण कप घेऊन बाहेर आली. मग आतून माल्विनाचा नवरा हुबेर्त आला, पायात नुसते मोजे. तो आत्याच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "मला अर्धाच."

"हुबेर्त, कार्प मासा तळायचाय."

"तळतो ना. हे गरम आहे तोवर."

माल्विना आम्हा सगळ्यांकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "या आत. पण मी खिडक्या उघडणार."

"उघड की," आत्या म्हणाली.

तिने सगळ्या उघडल्या. बाहेर पाणी गोठवणारी थंडी. आम्ही कोट चढवून टेबलाशी बसलो. आत्या केसाळ टोपी घालून ताठ बसली आणि हातमोज्यांनी पळी धरून वाढू लागली. बीटचं सूप पार गार झालं, पण उठलं कुणी नाही.

त्या रात्री टेबलावरचं सगळं चाखावंच लागतं, त्यातून यजमानीण सुटत नाही. माल्विनाने आत्याच्या डोळ्यात डोळे घालून एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "पुढच्या वर्षी नाही."

"पुढच्या वर्षी खिडक्या आधीच उघडून ठेव," आत्या म्हणाली आणि तिचा पेला काठोकाठ भरला.