शिडीवर चढणार कोण?

पेंटरची शिडी मोडली ती पेंटरच्या टापटिपीमुळे. कामातून उरलेला रंग वाया जाऊ नये म्हणून हा गृहस्थ तो आपल्या लाकडी शिडीला फासायचा. एका वर्षी हिरवी, पुढच्या वर्षी निळी, मध्ये एकदा तर चक्क गुलाबी. गिऱ्हाईक आलं की तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "बघा, आमचं हत्यारसुद्धा कसं नटूनथटून असतं!" आता एवढ्या थरांखाली लाकडाला चीर गेली तर ती दिसणार कशी? नाही दिसली. एके दिवशी सकाळी ट्यूबलाइट पुसायला चढला आणि कडकन आवाज झाला. नशीब की अजून खालच्याच पायरीवर होता. ढोपर सोलवटलं, तेवढ्यावर निभावलं.

बायको स्वयंपाकघरातून धावत आली आणि आधी शिडीकडे वाकली.

"अगं, मी पडलो आणि तू पायरी बघतेस?"

"तुम्ही धडधाकट दिसताय. पायरीच कुठे दिसत नाहीये."

मग तिने रंग खरवडायची पट्टी घेतली आणि मोडलेल्या जागी गुलाबी, निळा, हिरवा असे थर काढत गेली. खाली लाकडात काळी, जुनी चीर होती. "रंग नसता तर ही केव्हाच दिसली असती," ती म्हणाली. पेंटर ढोपराला औषध लावत बसला.

घर वर आणि पाट्या रंगवायचं वर्कशॉप खाली, दोन्हीकडे मिळून ती एकच शिडी. माळ्यावरची पेटी काढायची तरी तीच आणि दुकानाची पाटी रंगवायची तरी तीच. म्हणजे नवी घेणं भागच होतं. आणि नेमकं तेच पेंटरला नको होतं. का, ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

गेले काही महिने उंचावर गेलं की त्याचं डोकं गरगरायचं. खालची जमीन एका बाजूला सरकल्यासारखी वाटायची आणि हात आपोआप शिडीला घट्ट धरायचे. ब्रश धरायला हातच उरायचा नाही. मग त्याने युक्ती काढली. प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचं, "पाटी उतरवून इथे आणा, काम बारीक होतं." लोकांना ते पटलंही. पण चौकातल्या औषधवाल्याला आपलं नाव शटरच्या वर थेट भिंतीवर हवं होतं. भिंत काही उतरवून आणता येत नाही! नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. आणि शिडीवर न चढणाऱ्या पेंटरला पुढे कोण विचारणार? म्हणून त्याने ऐटीत हो म्हणून टाकलं होतं, आणि तेव्हापासून त्याला धड झोप नव्हती.

हार्डवेअरवाल्याच्या दुकानात दोघं गेले. दुकानदार बोलका, पण कामाचा माणूस.

"खोलीच्या मधोमध उभी करायची असेल तर घडीची घ्या. भिंतीला लावून काम असेल तर टेकवायची. तुमच्या कामात विजेच्या तारा जवळ येतात ना? मग धातूची नकोच. फायबरची घ्या, नाहीतर सरळ लाकडी. पण लाकडीला रंग लावायचा नाही, वॉर्निश लावायचं. त्यातून लाकूड दिसत राहतं."

बायकोने पेंटरकडे पाहिलं. पेंटरने छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"ठेवणार कुठे?" दुकानदाराने विचारलं.

"जिन्याखाली," पेंटर म्हणाला.

"तिथे ओल असते," बायको म्हणाली. "वर्कशॉपच्या आतल्या भिंतीवर ठेवू."

"आडवी टांगा, दोन हुकांवर. उभी टेकवून ठेवलीत तर एखाद्या दिवशी कुणाच्या तरी डोक्यावर येईल. बरं, चढणार कोण?"

"मी," दोघं एकदमच म्हणाले.

दुकानदार हसला. "आधी ते ठरवा बाबा. अगदी वरच्या पायरीवर कधी उभं राहायचं नसतं. चढणाऱ्याचा हात कुठवर पोचतो ते बघूनच उंची घ्यायची."

"यात ठरवायचंय काय? माळ्यावर सामान ठेवायला ही चढेल एखाद्या वेळी. काम माझं आहे!" पेंटरचा आवाज उगीचच चढला. त्याने फायबरची एक घडीची शिडी ओढून उघडली आणि चढायला लागला. अर्ध्यावर पोचला, तोच गल्ल्यामागचं कपाट हळूच डावीकडे सरकलं. त्याच्या पाठीला घाम सुटला. दोन्ही हातांनी शिडी धरून तो क्षणभर तसाच राहिला आणि एकेक पाय चाचपत खाली आला.

"डुगडुगते ही," तो म्हणाला. "काय भंगार माल ठेवता हो तुम्ही!"

"काका, डुगडुगणं शक्यच नाही. तिच्या पायांना रबरी बूट आहेत."

बायकोने चपला काढल्या, चढली, सगळ्यात वरच्या फळीवरचा खिळ्यांचा डबा उचलला आणि परत जागेवर ठेवला. शिडी तसूभर हलली नाही. दुकानदार काही बोलायच्या आत ती उतरली आणि म्हणाली, "हो, जराशी डुगडुगते खरी. दुसरी दाखवा. आणि उंची माझ्या हाताने बघा."

पेंटरने वळून तिच्याकडे पाहिलं. हिला माहीत आहे तर!

शिडी घेऊन दोघं पायीच निघाले. पुढचं टोक त्याच्या खांद्यावर, मागचं तिच्या. एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, ते एका अर्थी बरंच झालं.

"कधी कळलं तुला?" त्याने पुढे बघतच विचारलं.

"तुम्ही पाट्या उतरवून मागायला लागलात तेव्हाच. काम बारीक होतं म्हणे! इतकी वर्षं वर चढूनच बारीक काम करत होतात की."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. औषधवाल्याला हो म्हणालात तेव्हा मात्र राग आला. जीव नकोसा झालाय का तुम्हाला?"

कोपऱ्यावर शिडी वळवायला दोघं थांबले. पेंटर म्हणाला, "मला भीती वाटते गं. पडायची नाही. पडलो तर पडलो. उद्या लोक म्हणतील, याला आता वर जाता येत नाही. मग मी करायचं काय? घरात बसून दाराला रंग देत राहू?"

"नको बाई, थरांवर थर चढून दार उघडायचं नाही मग," ती म्हणाली. त्यालाही हसू फुटलं. मग ती गंभीरपणे म्हणाली, "उद्या आधी डॉक्टरकडे जायचं. आणि पाटीचं म्हणाल तर अक्षरं तुम्ही कागदावर काढा. कडांना टाचणीने भोकं पाडू. मी वर कागद चिकटवून खडूची पूड थोपटेन आणि भोकांतून भिंतीवर उमटलेल्या अक्षरांत रंग भरेन. नाहीतरी तुमची अक्षरं आजवर कोण भरतंय?"

ते खरंच होतं. वर्कशॉपमध्ये तो रेघ काढायचा आणि ती आत रंग भरायची. फक्त उंचावर जायची पाळी आली की सगळंच त्याचं व्हायचं.

डॉक्टरने कानाचा दोष सांगितला, गोळ्या दिल्या आणि चढायला सक्त मनाई केली. पेंटर दोन दिवस धुमसत राहिला. मग कागद पसरून बसला आणि अशी अक्षरं काढली की औषधवाला बघतच राहिला.

कामाच्या दिवशी सकाळीच चौकात शिडी लागली. बायको वर गेली. पेंटर खाली, दोन्ही हातांनी शिडी धरून. पहिल्यांदा त्याला वाटलं, यात काय आहे? धरायचं आणि उभं राहायचं. तेवढ्यात ती शेवटच्या अक्षराकडे झुकली. तिचा भार एका अंगाला गेल्याचं त्याच्या तळहातांना कळलं.

"अगं, जपून! उतर, शिडी सरकवू!"

"पोचतोय हात. ओरडू नका."

औषधवाला दारातून हसत म्हणाला, "पेंटर, वर वहिनी आहेत आणि घाम तुम्हाला?"

पेंटरला हसता आलं नाही. पूर्वी वर असताना तो गमतीने एक पाय हवेत सोडायचा, खाली शिडी धरून उभ्या असलेल्या तिला डोळा मारायचा. एकदा तर "पडलो, पडलो!" असं ओरडलाही होता, आणि रस्त्यातले सगळे हसले होते. ती हसली होती का? त्याला आठवेना. वर काम करणारा तो, ही नुसती खाली उभी, असंच त्याने आजवर धरलं होतं.

रंग संपला म्हणून ती उतरली. नाकावर निळा ठिपका, चेहरा खुशीत.

"अगं," तो म्हणाला, "इतकी वर्षं तू हे कसं केलंस?"

"काय?"

"हे. खाली उभं राहणं."

ती डब्यात रंग ओतता ओतता थांबली. त्याच्याकडे नीट बघून म्हणाली, "तुम्ही पाय हवेत सोडलात ना, की मी डोळे मिटून घ्यायचे. पण हात कधी सोडले नाहीत."

तिने डबा उचलला आणि पुन्हा वर चढायला लागली, आणि तो शिडीला बिलगून उभा राहिला.