नाव कोरलेला गंज

अंबाबाई सौंसरच्या बसमधून उतरून थेट नागपूरच्या दवाखान्यात आली, तेव्हा तिच्या काखेत फडक्यात बांधलेला पितळी गंज होता, दूध तापवायचं उभट भांडं. खाटेवर नातू श्रीकांत पडून होता. दीड वर्षाचा. हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र टणक आणि पुढे आलेलं. उशाशी सून मंगला बसली होती.

"ओकला का?" अंबाबाईनं आधी तेच विचारलं.

"नाही आत्याबाई. इथं आल्यापासून नाही ओकला."

अंबाबाईनं छताकडे पाहून हात जोडले आणि फडकं सोडलं. दवाखान्यातलं दूध पाणचट असतं, त्यानं पोर काय अंग धरणार, म्हणून घरच्या गाईचं दूध पहाटेच तापवून ती घेऊन आली होती. शेजारच्या खाटेवरची बाई हसली. "आजी, गायच आणाची होती संग."

"आणली असती बाई. कंडक्टर बसू देत नाही."

गंज तिनंच घेतला होता, पहिल्या नातवाच्या बारशाला. काठावर नाव कोरून घेतलं होतं, चि. गजानन. तो नातू दोन वर्षांचा व्हायच्या आत गेला. त्याचंही असंच झालं होतं. अंगावरचं प्यायचा, वर या गंजातलं गाईचं, आणि ओकायचा; पोट फुगत गेलं, शेवटी डोळे पिवळे झाले.

तेव्हा सौंसरात त्यांच्या गल्लीत एकच बोललं गेलं, की मंगलाचं दूध बाधलं. तिच्याशी भांडलं कोणी नाही. अंबाबाई शेजारणींना सांगताना आवाज उतरवायची. "दुधातच खोट हाय. ते बिचारी काय करन?" म्हणून श्रीकांत झाला तेव्हा सव्वा महिन्यातच त्याला आईच्या अंगावरून तोडलं. मंगला गोठ्यामागे जाऊन दूध पिळून मातीत टाकायची. तिचा पदर ओला दिसला की अंबाबाई नजर वळवायची.

पोराला गाईचं दूध सुरू झालं. गजाननच्या गंजात तापवायचं, त्यातच झाकून ठेवायचं आणि दिवसभर वाटी-चमच्यानं पाजायचं. त्या गंजाला दुसरं काही लागू द्यायचं नाही, हा अंबाबाईचा दंडक होता. मंगला तो रोज चिंचेनं आतून-बाहेरून घासायची, सोन्यासारखा होईपर्यंत.

मग ओकाऱ्या सुरू झाल्या. गावातल्या डॉक्टरनं दात येताहेत म्हटलं, नंतर जंताचं औषध दिलं. मोहगावच्या एका बाईनं दृष्ट काढली. मंगलाचा नवरा विनायक तहसील कचेरीत कारकून. त्यानं विहिरीत लाल औषध टाकलं. अंबाबाईनं गाय बदलली. ओकाऱ्या थांबल्या नाहीत.

दवाखान्यात त्या दुपारी श्रीकांत आजीच्या हातून दूध प्याला, आनंदानं. अंबाबाई आजूबाजूच्या बायांना म्हणाली, "पाहा, घरचं वळखते पोट्टा." थोड्या वेळानं तो आजीच्या लुगड्यावर ओकला.

डॉक्टरीणबाई आल्या. बाहेरून आज काय दिलं, त्यांनी विचारलं. मंगलानं गंजाकडे बोट दाखवलं. त्यांनी तो खिडकीशी नेला आणि उरलेलं दूध ओतून टाकून आतून बोट फिरवलं.

"आजी, ह्याला कल्हई नाही?"

"कल्हई ताकाच्या भांड्याले लागते जी. आंबट कळकते पितळीत. दूध कुठं आंबट हाय?"

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. त्यांनी सावकाश सांगितलं. दूध तासन् तास पितळेत राहिलं की पितळेतलं तांबं त्यात उतरतं. मोठ्या माणसाला ते जाणवत नाही. पण लहान पोराच्या यकृतात ते साठत जातं आणि यकृत दगडासारखं होतं. बोलता बोलता त्यांचा अंगठा काठावरच्या अक्षरांवर थांबला.

"गजानन कोण?"

अंबाबाई लुगडं पुसत होती. मंगलाच म्हणाली, "थोरला होता जी."

डॉक्टरीणबाईंनी अंगठा काढून घेतला. गंज त्यांनी जमिनीवर ठेवला.

"मंग माह्या दुधात खोट नव्हती?" मंगलानं विचारलं.

"नाही. तेच पाजायला हवं होतं."

अंबाबाईचं लुगडं केव्हाच स्वच्छ झालं होतं. ती पुसत राहिली.

श्रीकांतच्या ओकाऱ्या थांबल्या, पण पोट उतरलं नाही. डॉक्टरीणबाईंनी कसलंही वचन दिलं नव्हतं. बागेतली संत्री तोडायला आली तेव्हा तो गेला. मंगलाला तेव्हा दिवस गेले होते.

विनायकनं गंज मोडीत द्यायला काढला. अंबाबाईनं तो त्याच्या हातून घेतला.

"कोणी ठोकून नीट करन अन् इकन. ज्याच्या घरी जाईन, तिथंही लेकरू असन." तिनं उंबऱ्यावर बसून दगडानं बुडात खिळा ठोकला. पितळ जाड होतं. विनायक पुढे झाला, तर तिनं त्याला हातानंच बाजूला केलं.

वैशाखात मंगलाला मुलगी झाली. बारशाला आलेल्या बाया ओसरीवर बसल्या होत्या. आत पोर रडायला लागली तशी शेजारची कलाबाई अंबाबाईकडे सरकली. "दोनदा पाह्यलं तुमी. आता तरी बोरगावून बकरीचं दूध बोलवा. उगा कायले जोखीम?"

ते आत ऐकू गेलं. मंगला पोरीला घेऊन मधल्या दारात आली. चोळीच्या गाठीवर तिचा हात तसाच थांबला होता. ती सासूकडे पाहत राहिली.

"तुयंच पाज," अंबाबाई म्हणाली.

मग ती उठली, आपला पाट ओढून मधल्या दारात ठेवला आणि आतल्या खोलीकडे पाठ करून, बायांकडे तोंड करून बसली. कलाबाई मागे सरकली. मागे रडणं थांबलं. अंबाबाईनं वळून पाहिलं नाही. अंगणात तुळशीवर टांगलेल्या गंजातून पाणी थेंबथेंब गळत होतं. ती त्याकडे पाहत राहिली. त्याच्या काठावरचं नाव सकाळीच घासलेलं होतं.